बोलतो तर छान, मग पेपरात का अडतो? बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळघाट, गडचिरोली, यवतमाळ, गोंदिया या भागांत बऱ्याच मुलांच्या घरी कोरकू, गोंडी, कोलामी अशा आदिवासी भाषा बोलतात, आणि शाळा मराठीत असते. तिथले शिक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. पोरगं दिवसभर मराठीत बडबड करतं, पण पुस्तक उघडलं की मुकं होतं. असं कसं?

कारण दोन्हीकडे भाषा मराठीच असली तरी तिच्याकडून घेतलं जाणारं काम वेगळं आहे. मैदानावर मूल "दे न तो बॉल, तिकडं नाही, इकडं" म्हणतं तेव्हा निम्मा अर्थ बोटाने, चेहऱ्याने आणि समोरच्या बॉलने सांगून झालेला असतो. पुस्तकातलं वाक्य घ्या: "बाष्पीभवनाचा वेग तापमान, वारा व पृष्ठभागाचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो." इथे दाखवायला बोट नाही, चुकलं तर सावरून घेणारा मित्र नाही. सगळा अर्थ शब्दांतून आणि वाक्याच्या बांधणीतून काढायचा.

कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला आणि त्याला दोन नावं दिली. पहिल्या भाषेला 'बिक्स', म्हणजे रोजच्या संवादाचं कौशल्य. दुसरीला 'कॅल्प', म्हणजे शिकण्यासाठी, विचार मांडण्यासाठी लागणारी भाषा. प्रशिक्षणात हे शब्द कानावर पडतात. इथे आपण सरळ 'बोलण्याची भाषा' आणि 'अभ्यासाची भाषा' म्हणू.

२. घरच्या भाषेहून वेगळी भाषा पक्की व्हायला किती वर्षं लागतात?

टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या चाचण्यांवरून कमिन्स यांनी सांगितलं, की बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षं लागतात. २००० साली कॅलिफोर्नियातून आलेल्या अभ्यासात बोलण्यालाच ३ ते ५ आणि अभ्यासाच्या भाषेला ४ ते ७ वर्षं दिसली.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नका. त्या मुलांच्या कानावर शाळेत, रस्त्यावर, दुकानात, टीव्हीवर दिवसभर इंग्रजी पडत होती. भामरागडच्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, गुरुजी सोडले तर मराठी बोलणारं माणूस नाही. तिथे दोन वर्षांत बोलणंही येईलच असं नाही.

इंग्रजीचा हिशेब तर साधा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस शाळा. रोज ४० मिनिटांचा एक तास धरला, तर वर्षाला १३३ तास होतात. टोरांटोतलं मूल शाळेचेच रोज पाच तास धरले तरी तेवढ्याच दिवसांत १,००० तास ती भाषा ऐकतं. आपल्या मुलाला तेवढे तास भरायला साडेसात वर्षं लागतील. म्हणून "चौथीत गेला तरी इंग्रजी येत नाही" हा राग मुलावर काढू नका.

३. मराठी घरातल्या मुलांनाही पुस्तक जड जातं. मग कोरकू-गोंडी मुलांचं वेगळं काय?

पुस्तकी भाषा कुणाचीच मायबोली नाही, हे खरं. "उपरोक्त", "परिणामी" असं कुणाच्याच चुलीपाशी बोलत नाहीत. पण मराठी घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्या गाठीशी मराठीची पाच-सहा वर्षं असतात. वाक्य कसं वळतं हे त्याला ठाऊक असतं, नवे फक्त शब्द असतात. कोरकू मुलाला वाक्य नवं, शब्द नवे आणि विषयही नवा.

शिवाय मराठी मुलं जागेवर थांबून राहत नाहीत. दर वर्षी त्यांचीही भाषा वाढते. बरोबरी करायची तर दुसऱ्या मुलाला एका वर्षात दीड वर्षाची मजल मारावी लागते, आणि तीही दर वर्षी. पाच-सात वर्षं लागतात ती यामुळे. मूल मंद आहे म्हणून नाही.

४. अवघड शब्द तर आम्ही फळ्यावर लिहून समजावतो. तरी कुठं अडतं?

अडतं ते बहुधा तुम्हाला अवघड न वाटणाऱ्या शब्दांवर.

पुस्तकातले शब्द तीन प्रकारचे. 'प्रकाशसंश्लेषण', 'अपूर्णांक' यांसारखे परिभाषेचे शब्द दिसायलाच जड असतात, म्हणून ते समजावले जातात. दुसरे आहेत ते ओळखीचा चेहरा घेऊन येणारे. 'कार्य' म्हटलं की गावात मांडव आणि पंगत. विज्ञानात बल लावून वस्तू सरकली तर कार्य. 'घात' म्हणजे दगा, गणितात २ चा घात ३. 'वर्ग' म्हणजे बसायची खोली, गणितात ५ चा वर्ग २५. 'मूळ' झाडाचं, आणि वर्गमूळ. 'छेद' म्हणजे भोक, अपूर्णांकात खालचा अंक. मुलाला शब्द माहीत असतो, म्हणून ते विचारत नाही. तुम्हालाही तो माहीत वाटतो, म्हणून तुम्ही सांगत नाही.

तिसरे शब्द सगळ्यात घातक: पैकी, उर्वरित, अनुक्रमे, प्रत्येकी, किमान, वगळता, समप्रमाणात, तरीही, त्यानुसार. हे वाक्याचे सांधे आहेत. एक उदाहरण पाहा.

"एका शेतकऱ्याकडे १२ क्विंटल कापूस होता. त्यापैकी ७ क्विंटल विकून उर्वरित कापूस त्याने १० गाठोड्यांत समप्रमाणात भरला, तर प्रत्येक गाठोड्यातील कापसाचे वजन किती?"

पाचवी-सहावीतलं मूल इथे १२, ७ आणि १० ची बेरीज करून २९ लिहितं. त्याच मुलाला विचारा: "बारा क्विंटल होता, सात इकला. राह्यला किती? त्याचे दहा गाठोडे बांधले, सारखे. एकात किती?" क्षणात उत्तर येतं, पन्नास किलो. गणित त्याला येत होतं. अडले तीन शब्द: त्यापैकी, उर्वरित, समप्रमाणात.

उपाय असा. धडा सुरू करण्याआधी तिसऱ्या प्रकारचे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. आठवड्याला पाच-सहाच निवडा. प्रत्येक शब्द तीन विषयांत वापरा: 'उर्वरित' गणितात, इतिहासात, आणि खिचडी वाटताना "उर्वरित ताटं कुठं ठेवली?" असंही. एकदा सांगून शब्द बसत नाही. वेगवेगळ्या जागी भेटला की बसतो.

५. आमच्या मुलाची अडचण नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

एका मुलाला २० मिनिटं द्या. वर्गासमोर नको, ओट्यावर बाजूला बसा.

आधी तीन मिनिटं गप्पा: कालचा बाजार, घरची बकरी, पाऊस. मग एक चित्र दाखवा, झाकून ठेवा आणि ते चित्र न पाहिलेल्या मित्राला वर्णन करून सांगायला लावा. "तो तिथं बसला, मग त्यानं ते घेतलं" असं ऐकणाऱ्याला न कळणारं बोलणं येतं की "म्हातारा झाडाखाली बसला आहे" असं उलगडून येतं, ते टिपा. नंतर परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला, वर्गात न झालेला ८०–१०० शब्दांचा उतारा. मूल वाचतं, मग तुम्ही एकदा वाचून दाखवता, आणि विचारता: यात काय सांगितलं? असं का होतं? शेवटी त्या 'का'चं उत्तर चार ओळींत लिहून घ्या.

गप्पा झकास, पण चित्र, उतारा आणि लेखन लंगडं, तर अडचण अभ्यासाच्या भाषेची. तुम्ही वाचून दाखवल्यावर समजलं पण स्वतः वाचताना समजलं नव्हतं, तर अडचण अक्षरओळखीची किंवा वाचनवेगाची. तिला वेगळा सराव लागतो. गप्पाच जमत नसतील तर आधी बोलण्याची भाषा. चित्राची कसोटी घरच्या भाषेतही घ्या. मोठा भाऊ, बहीण किंवा अंगणवाडीताई मदत करतील. तिथेही अडलं तर प्रश्न १५ पाहा.

६. मग वर्गात रोज काय करायचं? वेगळा तास लावायचा का?

वेगळा तास नको. जो विषय शिकवता त्यातच भाषा शिकवायची, एक पायरी न गाळता. हरभऱ्याचा प्रयोग घ्या. रात्री चने भिजत घातले, सकाळी पोरांच्या हातात दिले.

हातात असताना मूल म्हणतं: "हे पाय, केवढे फुगले! हा तं फुटलाच." मग चने झाकून ठेवा आणि दुसऱ्या गटाला सांगायला लावा: "आम्ही चने पाण्यात टाकले. सकाळी मोठे झाले. एकाची साल फाटली." आता 'हे' आणि 'हा' चालत नाहीत, वस्तूचं नाव घ्यावंच लागतं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून फळ्यावर: "बियांनी पाणी शोषल्यामुळे त्यांचे आकारमान वाढले व बाह्य आवरण फाटले." शेवटी वहीत, ज्याचं त्याने.

बहुतेक ठिकाणी चूक अशी होते, की पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारली जाते. प्रयोग झाला, लगेच "निरीक्षण लिहा". मधल्या दोन पायऱ्यांना मिळून १५ मिनिटं लागतात, पण खरं शिकणं तिथेच होतं. दुसरी चूक म्हणजे फळ्यावरचं वाक्य गुरुजींनी तयार आणणं. ते मुलांच्या तोंडून घ्या, शब्द बदलत न्या: "फुगले, म्हणजे काय झालं? मोठे झाले. कशामुळे? मग 'पाणी शोषल्यामुळे' म्हणू."

भिंतीवर वाक्यांची सुरुवात लिहून ठेवा: "...मुळे असे झाले", "याउलट...", "जर... तर...", "यावरून असे दिसते की...". एका वेळी पाचच. भिंत भरली की कुणी वाचत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीन-चार आकडे मोजा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारी होऊ लागली. मनात भाषांतर करणाऱ्या मुलाला तर ही सवलत लागतेच.

७. मला कोरकू येत नाही. बदली होऊन आलोय. काय करू?

भाषा पूर्ण शिकायची गरज नाही, पण दारात उभं राहण्याइतकी यावी. शंभर पानी वही घ्या, तीन रकाने पाडा: मुलांचा शब्द, बोलण्यातला मराठी शब्द, पुस्तकातला शब्द. कोरकूतलं 'डा', मराठीत पाणी, पुस्तकात 'जल'. गोंडी गावात पहिल्या रकान्यात 'येर' येईल. शब्द मुलांनी सांगायचे, लिहायचेही त्यांनी, देवनागरीत. उच्चार हुबेहूब उतरला नाही तरी चालेल. रोज चार शब्द म्हटले तरी वर्षाला ८०० होतात.

गटात निदान एक मूल असं ठेवा ज्याला दोन्ही भाषा बऱ्या येतात. गटाला घरच्या भाषेत बोलू द्या, उत्तर मराठीत मागा. गोंगाट होईल. कोणत्या भाषेत होतोय याची काळजी करू नका, विषयावर होतोय का ते पाहा.

८. घरची भाषा वर्गात चालू दिली तर मराठी आणखी मागे पडेल ना?

ही भीती सगळ्यांत जास्त कळवली जाते, आणि तिच्यापायी सगळ्यांत जास्त नुकसान होतं. डोक्यात दोन भाषांचे दोन वेगळे हंडे नसतात, की एक भरला तर दुसरा रिकामा राहावा. कमिन्स हिमनगाची उपमा देतात: पाण्यावर दोन टोकं दिसतात, खाली पाया एक.

मोहफुलं अंगणात वाळताना पाहिलेलं मूल ऊन जास्त असलं, वारा सुटला, फुलं पातळ पसरली तर लवकर वाळतात हे जाणतं. त्याने हे एकदा गोंडीत नीट सांगितलं की प्रश्न १ मधलं बाष्पीभवनाचं वाक्य त्याला नव्याने समजायचं नसतं, फक्त नाव द्यायचं असतं. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या फिनिश मुलांवर तोवे स्कुटनब-कांगास आणि पेर्त्ती तौकोमा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरवर स्वीडिश सफाईदार बोलणारी मुलं अभ्यासाच्या भाषेत बरीच मागे होती, आणि मायभाषेत आधी शिकून आलेली मुलं पुढे सरस ठरत होती.

कुणी "नियमात बसत नाही" म्हटलं तर तीन गोष्टी सांगा. संविधानाचं कलम ३५०-क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ शक्य तिथवर मातृभाषा माध्यम असावं म्हणतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० निदान पाचवीपर्यंत तेच सुचवतं. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

९. सातवीतलं मूल अजून "बाई आला", "गाय आला" म्हणतं. किती वेळा सांगायचं?

हे दुर्लक्ष नाही. गोंडी आणि कोलामीत नामांचे दोनच गट: पुरुष एका बाजूला, बायका, जनावरं, वस्तू दुसऱ्या. कोरकूत विभागणी सजीव आणि निर्जीव अशी. मराठीची तीन लिंगं त्या मुलाला कुठल्याच तर्काने सापडत नाहीत. टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का, याचं उत्तर तुमच्याकडे तरी कुठं आहे?

बोलताना मधे तोडू नका. उत्तर पूर्ण होऊ द्या आणि बरोबर रूप तुमच्या वाक्यात परत द्या: "हो, गाय आली, मग?" शब्द शिकवताना एकटा 'खुर्ची' नको, 'ती खुर्ची' असा जोडीनेच द्या. उत्तर तपासताना विज्ञानाच्या पेपरात लिंगाचे गुण कापू नका.

१०. आमची मुलं तर मराठीच आहेत, पण वऱ्हाडी बोलतात. त्यांना हे लागू होतं का?

अर्धं लागू होतं. 'मले', 'तुले', 'काऊन', 'करून राह्यलो' म्हणणारं मूल मराठीचंच मूल आहे. दुसऱ्या भाषेच्या वर्षांचा हिशेब त्याला लावू नका. भंडारा-गोंदियाच्या झाडीबोलीचंही तसंच. पण अभ्यासाची भाषा त्यालाही शिकवावीच लागते, आणि प्रश्न ४ व ६ मधलं सगळं त्याला उपयोगी आहे.

इथे एक गल्लत होते. गुरुजी 'मले'चं 'मला' करण्यात तास घालवतात आणि समजतात की अभ्यासाची भाषा शिकवली. "मले वाटते का पाणी कमी झालं म्हणून पऱ्हाटी सुकली" या वाक्यात कारण आहे, अंदाज आहे, जोडणी आहे. हीच अभ्यासाची भाषा, वऱ्हाडी कपड्यांत. उलट "मला माहीत नाही" हे प्रमाण मराठीत असूनही त्यात काही नाही. विचार चालू असताना बोली चालू द्या. वहीत लिहिताना "पुस्तकात हे असं लिहितात" एवढं सांगा. 'अशुद्ध' हा शब्द वर्गातून काढून टाका. मराठीतलं आद्य गद्य तेराव्या शतकात महानुभावांनी याच वऱ्हाडात, रिद्धपूरच्या परिसरात लिहिलं.

११. मेळघाटातल्या धारणीकडची मुलं मराठीपेक्षा हिंदी चांगली बोलतात. हिंदीतून शिकवावं का?

बाजारातली हिंदी हीसुद्धा बोलण्याचीच भाषा आहे. भाव करता येणं आणि हिंदीत धडा समजणं यांत तोच फरक आहे, जो प्रश्न १ मध्ये सांगितला. पुलासारखी ती जरूर वापरा, लिपीही एकच आहे. फक्त सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर लक्ष ठेवा: हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग. मराठीत हे तिन्ही वेगळे. "गुरुजींनी शिक्षा दिली" असं लिहिणारं मूल तक्रार करत नसेल, आभारही मानत असेल.

१२. सेमी इंग्रजी घ्यावं की नाही? पोराला इंग्रजी बोलता येतं असं शाळा म्हणते.

सेमीत साधारण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, म्हणजे सगळ्यात घट्ट भाषेचे दोन विषय. "मे आय कम इन", "माय नेम इज", फळांची-रंगांची नावं आणि स्नेहसंमेलनातलं पाठ भाषण यांवरून निर्णय घेऊ नका. ती बोलण्याची भाषाही नव्हे, तिची पहिली पायरी आहे.

घरी बसून तपासा. गणिताच्या इंग्रजी पुस्तकातलं न सोडवलेलं एक शाब्दिक उदाहरण द्या आणि विचारा, "काय विचारलंय ते मराठीत सांग." उत्तर नको, फक्त प्रश्न सांगायचा. अशी पाच उदाहरणं. चार-पाच सांगितली तर पाया आहे. एक-दोनच सांगितली तर मूल आकडे पाहून गणितं करतंय. आकडे लपलेली गणितं आली की कोलमडेल. आधीच सेमीत असेल तर प्रत्येक धडा आधी मराठीत समजून, मग इंग्रजीत, हा क्रम धरा. ज्या मुलाची घरची भाषा गोंडी, शाळेची मराठी आणि विज्ञानाची इंग्रजी, त्याला आपण एकाच वेळी तीन डोंगर चढायला लावतो. त्याच्यासाठी मराठी घट्ट होईपर्यंत सेमी टाळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१३. घरी आम्ही मोडकंतोडकं इंग्रजी बोलावं का, म्हणजे सवय होईल?

नको. ज्या भाषेत तुम्ही कारण सांगू शकता, गोष्ट रंगवू शकता, वाद घालू शकता, त्याच भाषेत बोला. "डवरणी आता का करायची, पाऊस पडल्यावर का नाही?" हे मुलाला वावरात समजावून सांगणं म्हणजे अभ्यासाच्या भाषेचाच पाया घालणं. मोडक्या भाषेत आईबाप हुकूमच देऊ शकतात: सीट, ईट, गो.

१४. गाईड पाठ करून मार्क चांगले पडतात. मग काळजी कशाला?

प्रश्नाचे शब्द बदलून पाहा. "जंगलतोडीचे परिणाम लिहा" याचं उत्तर पाठ आहे, आता विचारा, "आपल्या गावचं जंगल गेलं तर विहिरीचं काय होईल?" कोरा चेहरा दिसला, तर मार्क गाईडचे आहेत. तिसरी-चौथीत हे लपतं. आठवी-नववीत धडे लांबतात, पाठांतर पुरत नाही, आणि मग "अचानक मागे पडला" म्हणतात. अचानक काही झालेलं नसतं.

१५. मूल मंदबुद्धी तर नाही ना, हे कधी समजायचं?

घाईने कधीच नाही. कमिन्स यांनी कॅनडात मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलेल्या ४०० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. "इंग्रजी तर छान बोलतो, म्हणजे भाषेची अडचण नाही," असं गृहीत धरून परक्या भाषेतल्या चाचणीत कमी गुण मिळाल्यावर मुलांना अध्ययन-अक्षम ठरवल्याची उदाहरणं त्यांत सापडली. आपल्याकडे तर चाचणीही होत नाही, हजेरीपटावर मनातल्या मनात शिक्का बसतो.

क्रम असा ठेवा. आधी डोळे आणि कान; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून द्या. मग घरी जाऊन आईला विचारा: घरच्या भाषेत गोष्ट सांगतो का? निरोप नीट पोचवतो का? बाजारातून तीन वस्तू सांगितल्या तर तीनही आणतो का? धाकट्या भावंडाच्या तुलनेत उशिरा बोलायला लागला का? घरी तरतरीत आणि शाळेत ठप्प, तर प्रश्न भाषेचा. घरच्या भाषेतही त्याच अडचणी, तर वाट न पाहता गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाकडे पाठवा. उलटी चूकही होते: "आदिवासी आहे, भाषेमुळे अडतंय" म्हणून खरोखर कमी ऐकू येणाऱ्या मुलाची तीन वर्षं वाया जातात.

१६. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कामाला गेलेलं मूल होळीला परत येतं. सगळं विसरलेलं असतं. कुठून सुरू करू?

बोलण्याची भाषा लवकर परत येते, पंधरा दिवस द्या. अभ्यासाच्या भाषेत खाचा पडलेल्या असतात, म्हणून धड्यांमागे धावण्याऐवजी प्रश्न ४ मधल्या तिसऱ्या प्रकारच्या शब्दांपासून सुरू करा. आणि ते जिथे होतं तिथलं त्याला सांगू द्या. वीटभट्टीवर विटा कशा भाजतात हे चार वाक्यांत सांगणं हा परिसर अभ्यासाचाच धडा आहे.

१७. तेलंगणाच्या सीमेलगतच्या सिरोंच्याकडे सहावीत तेलुगू माध्यमातून आलेलं मूल पहिलीपासून मराठीत असलेल्या मुलाच्या पुढे गेलं. हे उलटं कसं?

उलटं नाही. त्याने अपूर्णांक, उतारा वाचणं, कारण लिहिणं तेलुगूत पक्कं केलं होतं. मराठीत त्याला फक्त नावं बदलायची होती (प्रश्न ८ मधला पाया). टोरांटोतही हेच दिसलं: मायभाषेत काही वर्षं शिकून आलेली मोठी मुलं अभ्यासाची भाषा लहानांपेक्षा वेगाने उचलत होती. लहान मुलं पुढे असतात ती मुख्यतः उच्चारात. अशा मुलाला "मराठी येत नाही" म्हणून खालच्या वर्गात बसवू नका.

१८. काही मुलं उलट: वाचतात, लिहितात, पण तोंड उघडत नाहीत. ही कुठली भाषा?

दोन्ही कौशल्यं क्रमानेच येतात असं नाही. इंग्रजीत एम.ए. केलेला माणूस नागपूरच्या मुलाखतीत दोन वाक्यं बोलू शकत नाही, कारण त्याला पुस्तकच मिळालं, गप्पा मिळाल्या नाहीत. नव्या भाषेत आलेलं लहान मूल काही महिने नुसतं ऐकतं, तेही शिकणंच असतं. त्याला उभं करून बोलायला लावू नका. मान हलवून, बोट दाखवून, चित्र लावून उत्तर घ्या. मग एक शब्द, मग जोडीत कुजबुज. एक सत्र गेलं तरी घरीही गप्प असेल, तर प्रश्न १५.

१९. मग ही विभागणी शंभर टक्के बरोबर आहे का? काही तज्ज्ञ विरोध करतात.

विरोध आहे आणि त्यात तथ्य आहे. १९८० च्या दशकापासून आक्षेप असा, की अशाने बोलणं हलकं आणि लिहिणं भारी ठरतं, आणि गरीब घरच्या मुलांकडे 'भाषाच नाही' असा शिक्का मारायला कारण मिळतं. कमिन्स यांनी पुढे दोन पेट्यांऐवजी दोन मोजपट्ट्या मांडल्या: समोरच्या प्रसंगाचा आधार किती, आणि डोक्याला काम किती. त्यामुळे बोलणंही अवघड असू शकतं, लिहिणंही सोपं.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात कायद्यावर, बांबूवर, जंगलाच्या सीमेवर अभ्यासगटांत बसून चर्चा होत आल्या आहेत. कलमाचा अर्थ लावणं, पुरावा मागणं, दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढणं, हे सगळं तोंडी. अशा सभेच्या कडेला बसलेल्या मुलाने ते ऐकलेलं असतं. वर्गात त्याला "तुमच्या सभेत ठराव कसा झाला?" असं विचारा, आधी गोंडीत सांगू द्या, मग प्रश्न ६ मधल्या पायऱ्यांनी ते मराठीत वहीपर्यंत आणा.